मी किसनला माफ केलं

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, पोरापाशी नाही, देवळात बसून देवापाशीसुद्धा नाही — आणि देवाशी मी तसं बरंच बोलतो, भांडतोही. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही. म्हणूनच जमतंय बहुतेक. ओळखीच्या माणसाला सांगायचं म्हणजे त्याच्या तोंडाकडं बघत सांगावं लागतं. तेवढी छाती माझ्यात नाही. होती असं गाव समजतं. समजू दे.

शाळा माझी तिसरीपर्यंत. लिहिणं सरळ येणार नाही. मध्येच आडरानात शिरलो तर एवढं ओळखा, की खरी गोष्ट जवळ आली म्हणून शिरलो.

आधी स्वभाव सांगतो. त्याच्या आड लपायचं म्हणून नव्हे — पण तो कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचा बाप मेंढरं राखायचा. दिवस कलला की वाघरीत, जाळीच्या कुंपणात, घालताना एकेक मोजायचा. एक जरी कमी भरलं तर बाप पहिल्यांदा रानाकडं बघत नसे, माणसांकडं बघे. जवळून कोण गेलं? कुणाची नजर चुकतीय? लांडगा नंतर. मी ते बघत वाढलो. पुढं कालव्याचं पाणी आलं, मेंढरं गेली, ऊस आला. मोजणं मात्र गेलं नाही. पंपावर पेट्रोल घालताना काटा शून्यावर आलाय का, ते मी खाली उतरून बघतो. कारखान्यावर उसाची गाडी काट्यावर चढली की मी खिडकीत डोकं घालतो. सख्ख्या भावानं नेलेला पाईप परत आणला तरी पावलानं मापून घेतो. लोक हसतात. “तात्या सोताच्या सावलीवरबी नजर ठिवतोय,” म्हणतात. ठेवतो. काय बिघडलं?

बिघडलं. तेच सांगायला बसलोय.

आमचं गाव कळंबच्या अलीकडं, इंदापूर तालुक्यात. गावात पहिली मोटार माझी — लष्करानं लिलावात काढलेली पेट्रोलची जीप. तिचा हिरवा रंग दर उन्हाळ्यात मी स्वतः मारायचो. त्या जीपमधून बाया इंदापूरला बाळंतपणाला गेल्या, नवऱ्या सासरी गेल्या, बारामतीच्या बाजाराला बोकडं गेली. एकदा तर नवरी आणि बोकड एकाच खेपेला. नवरीची आई आजून मला त्यावरून शिव्या देते. मला मिस्त्री कधी लागला नाही. मिस्त्री चांगला भाग काढून रद्दी भाग घालतो, हे माझं ठाम मत. प्लग, पॉइंट, कार्बोरेटर — सगळं माझ्या हातानं. आणि ते मी सगळ्यांना ऐकवायचो.

जीपवर माझ्या जोडीला किसन असायचा. किसन बौद्ध, त्यांची वस्ती ओढ्यापलीकडं. आम्ही एका वयाचे. लहानपणी मेंढरांमागं बरोबर हिंडलेलो. बॅटरी उतरली की पुढं हँडल घालून जीप फिरवायची, ते काम त्याचं. एकदा हँडल उलटं बसलं आणि त्याचं मनगट मोडलं. वाकडंच जुळलं ते. त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. चारचौघांत तो मला ‘तुमी’ म्हणायचा, आम्ही दोघंच असलो की ‘तू’. असं करू या म्हणून कुणी ठरवलं नव्हतं. गावात ते तसंच चालायचं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही — हेही एक लिहून ठेवतो.

पुढं पोरानं डिझेलची गाडी घेतली. नवं घर बांधायला जुना गोठा पाडला, जीपला जागा उरली नाही. भावाचं शेड रिकामं होतं. पण भावावर माझा विश्वास नव्हता. एकेक नट सोडवून विकला असता त्यानं. मग किसनच म्हणाला, “माझ्या पत्र्याखाली लाव. कोपऱ्यात ऱ्हाईल.” बघा — आख्ख्या गावात ज्याच्यावर मी नजर ठेवत नव्हतो असा तो एकटा माणूस.

जीप शेडात लावली तेव्हा आम्ही दोघंच होतो. तो म्हणाला, “तू टाकी रिकामी कर. अन् पेट्रोलचा कॉक बंद करून इंजन आपोआप बंद पडस्तोवर चालू दे, म्हंजी कार्बोरेटरची वाटी कोरडी हुईल. पेट्रोल सडतंय ठिवून.”

“पेट्रोल काय दूध हाय नासायला?” मी म्हणालो. “अन् म्हैन्याभरात न्यायचीच हाय मला.”

“बरं,” तो म्हणाला.

तो महिना काही आला नाही. वर्षांवर वर्षं गेली. किसननं आसाखाली दगड लावून जीप उचलून ठेवली, टायर बसू नयेत म्हणून. उंदरांनी वायरी खाऊ नयेत म्हणून बॉनेटमध्ये कडुलिंबाचा पाला घालायचा, वाळला की बदलायचा. मी कधी तिकडं गेलो तर नुसता फेरी मारून यायचो. फेरी मारताना आरसा जाग्यावर आहे का, स्टेपनी जाग्यावर आहे का, हे बघायचो. किसनसमोर बघत नव्हतो. पण बघत होतो.

त्याचा पोरगा मिलिंद. शिकला, बारामतीत नोकरीला लागला, सुट्टीला गावाकडं यायचा. एकदा मला म्हणाला, “तात्या, जीप कधी नेताय? शेड पाडून बाबांसाठी दोन पक्क्या खोल्या काढाव्या म्हणतोय.” हसून म्हणाला. मला ते हसणं आवडलं नाही. काय होतं हो त्या हसण्यात? आज विचारलं तर सांगता येणार नाही. पण तेव्हा मी घरी येईपर्यंत त्या हसण्याला पाय फुटले. ह्याला माझी जीप नकोशी झालीय. हा शिकलेला. ह्याच्या डोळ्यांत माझी जीप म्हणजे भंगार. आणि मग मोजायला लागलो — तो कधी येतो, शेडाची किल्ली कुणाच्या हातात असते, परवा बॉनेट अर्धवट लागलेलं का दिसलं? पाला बदलायला किसननं उघडलं असेल, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण संशयाला कळण्याशी काही देणंघेणं नसतं.

मग माझ्या नातवाचं, विशालचं लग्न ठरलं. सुपारीच्या बैठकीत पाहुण्यांसमोर मी बोलून बसलो: नवरदेव निघंल तर माझ्या जीपमधनंच. पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं, “चालू हाय का आजून?” मी म्हणालो, “माझ्या हातची हाय. न चालून सांगती कुणाला?”

ट्रॅक्टरला बांधून जीप अंगणात आणली. विशालचे मित्र, भावकी, शेजारी, सगळे जमले. मी बाह्या सरसावल्या. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं. तांबूस, चिकट, जुन्या वार्निशसारख्या वासाचं. तो वास नाकात गेला तेव्हाच किसनचं बोलणं आठवलं. मग मी काय केलं? डबा उचलून भरभर बांधापलीकडं ओतून आलो. कुणी जवळ यायच्या आत. ही त्या दिवसाची पहिली लबाडी. बारीक होती. माझ्याशिवाय कुणाला दिसली नाही.

नवं पेट्रोल घातलं, नवी बॅटरी लावली. प्लग काढून ठिणगी बघितली, चांगली निळी पडत होती. इंजनाच्या पंपातून पेट्रोल वर येत होतं. चोक ओढून बटण मारलं की जीप धरायची, धूर सोडायची, अंगण हादरायचं, पोरं टाळ्या वाजवायची — आणि चोक आत ढकलला की खोकून बंद. परत चोक, परत चालू. चोक आत, की बंद. ज्यानं हे काम केलंय त्याला हे कळतं: पेट्रोल पुरत नाही, कार्बोरेटरात पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा जेट तुंबलाय. मलाही कळलं. पण अंगणभर माणसं उभी आणि माझी जीप खोकतीय. धाकटा भाऊ पारावर बसल्यासारखा ओट्यावर बसून होता. तो म्हणाला, “दादा, वरातीला ढकलायला माणसं सांगून ठिवू का? का नवरदेवालाच लावायचा मागनं?”

सगळे हसले. विशालही हसला. तो हसला ते मला जास्त लागलं.

मी कार्बोरेटर खोलला. वरचं झाकण उचललं. खालच्या वाटीत, जिथं पेट्रोल साठतं तिथं, बुडाला पांढरी भुकटी. बोटभर थर. दाणेदार, जागोजागी गोळे झालेली. जेटाच्या तोंडाशी तीच.

“साखर!” मी म्हणालो.

तेव्हा मला खरंच तसं वाटलं. शपथ घेतली असती, पण माझ्या शपथेचं आता काय घेऊन बसलात. तुम्ही दुसरीकडचे असाल तर कळायचं नाही. आमच्याकडं वैऱ्याची गाडी मारायची तर टाकीत साखर टाकतात, असं सगळे मानतात. निवडणूक झाली आणि हरलेल्याचा ट्रॅक्टर बंद पडला, की लोक आधी साखर बघतात. साखरेला तोटा नाही. कारखान्याच्या सभासदांना दिवाळीला साखर मिळते, घरोघर पोतं असतं. त्या पोत्यावरून चोर धरायचा म्हटलं तर आख्खा तालुका आत टाकावा लागेल.

“साखर? खरं का?” भाऊ ओट्यावरून उतरला. “चव बघ की दादा.”

मी बोट बुडवलं.

हितं माझा हात थांबला होता. कागद तसाच ठेवून मी बरेच दिवस उसाला पाणी द्यायला जात राहिलो. आता लिहितो.

ती गोड नव्हती. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी ओढून येते, तशी ओढली. वर ताटाला कल्हई नसल्यावर लागते तसली कळकट चव. गोडाचा कणसुद्धा नाही. साखर नव्हे हे मला जिभेला लागल्या क्षणी कळलं. आणि त्याच क्षणी दुसरंही कळलं — हे पेट्रोलनं केलंय. ठेवलेल्या, सडलेल्या पेट्रोलनं. जे मी काढू दिलं नाही त्यानं. कसं केलं, ते माहीत नव्हतं. पण कुणाच्या चुकीनं, ते पुरतं माहीत झालं.

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. भाऊ अर्धवट हसत होता, पुढचा टोमणा जिभेवर घेऊन. विशाल बघत होता. काय अवघड होतं? ‘न्हाय रं, पेट्रोल सडलंय, माझं चुकलं’ — एवढंच म्हणायचं होतं. लोक दोन दिवस हसले असते. लग्न झाल्यावर विसरले असते.

“गोड हाय,” मी म्हणालो.

भावाचं हसू गेलं. तेवढं मात्र झालं. मला आठवतं, ते गेलेलं बघून मला बरं वाटलं.

मग मी नळावर जाऊन खळखळून चूळ भरली. बायको चहा घेऊन बाहेर येत होती. “साखर खाल्ली अन् तोंड धुताय व्हय?” म्हणाली. मी आणखी एक चूळ भरली. तिनं माझ्याकडं बघितलं, चहा ओट्यावर ठेवला आणि आत गेली. ती बाई त्यावर पुन्हा कधी बोलली नाही. तिला कळलं होतं का? मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

किसनचं नाव मी घेतलं नाही. बरीच वर्षं मी स्वतःला हेच सांगत होतो, नाव मी घेतलंच नव्हतं. घ्यायची गरज होती का? जीप कुठं उभी होती हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. “शेड कुणाचं?” एवढंच कुणीतरी म्हणालं, आणि माना डोलल्या. का डोलल्या, हे मला पक्कं माहीत होतं. जीप भावाच्या शेडात असती तर चार जण म्हणाले असते — तात्या, नीट बघा, घाईनं बोलू नका. ओढ्यापलीकडचं शेड म्हटल्यावर ‘नीट बघा’ असं कुणी म्हणालं नाही. एकानंही नाही. आणि मी, ज्यानं नीट बघितलं होतं, नुसतं बघितलं नव्हतं तर चाखलं होतं — मी गप्प.

तिसऱ्या प्रहरी किसन आला. त्याच्या कानावर गेलं होतं. अंगणात माणसं होतीच. तो सरळ माझ्यापुढं येऊन उभा राहिला, चपला न काढता.

“पेट्रोल सडलं असंल,” तो म्हणाला. “दाखव मला.”

“दाखवायचं काय त्यात? चव घेतलीय मी.”

“तू घेतलीस? सोता?”

सगळ्यांसमोर तू. जमलेल्यांतल्या एक-दोघांनी माना वर केल्या. त्याचं त्याकडं ध्यान नव्हतं.

“व्हय.”

“मग?”

“गोड हाय.”

त्यानं वाटीकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघत राहिला. वाटी तिथंच फडक्यावर होती, हात लांब केला असता तर बोट पोचलं असतं. मी वाट बघत होतो, की आता हा बोट बुडवणार. त्यानं नाही बुडवलं. मी चव घेतली म्हटल्यावर त्याला स्वतः घ्यायची गरज वाटली नाही. हे तुम्हाला कळतंय ना? मला वाटलं होतं तो भांडेल. ओरडेल, मला खोटा पाडेल. त्याची सगळी तयारी मी करून ठेवली होती. तो मला खरं मानेल, ह्याची तयारी केली नव्हती.

“बरं,” तो म्हणाला. आणि गेला.

दुसऱ्या दिवशी कार्बोरेटर फडक्यात बांधून मी एकटाच एसटीनं इंदापूरला गेलो. विशाल येतो म्हणत होता, त्याला नको म्हटलं. एक म्हातारा मिस्त्री होता, जुन्या गाड्यांचा. त्याचे हात मी नजरेआड होऊ दिले नाहीत, पितळी जेट बदलून घेईल म्हणून. त्यानं वाटीत बघितलं आणि म्हणाला, “किती वर्षं उभी व्हती? पेट्रोल आतच सोडलेलं न्हवं?”

मी म्हणालो, “कुणी साखर घातली असंल का?”

तो हसला. “साखर पेट्रोलात इरघळत न्हाय आबा. टाकीच्या बुडाशी बसंल, हितवर कशी यील? हे पाण्यानं झालंय. आताच्या पेट्रोलात कारखान्याचं, उसाच्या मळीचं स्पिरिट असतंय, ते पाणी वढतंय. पाणी खाली बसतंय अन् वाटीचा धातू खातंय. ही भुकटी म्हंजी तुमचा कार्बोरेटरच हाय, झिजल्याला.” आणि मग जेटामध्ये केबलची बारीक तार घालता घालता म्हणाला, “तशी साखर न्हाय म्हणायचं, पण उसानंच खाल्ला की वो तुमचा कार्बोरेटर!” स्वतःच्या बोलण्यावर तो बराच वेळ हसत होता. दुकानातले बाकीचेही. मी नाही.

त्यानं जेट उन्हाकडं धरून भोक दाखवलं, वाटी घासून लख्ख केली, सुई बदलली, पंपाचा कडक झालेला पडदा दुसरा दिला. गावाकडं येऊन बसवलं आणि जीप चोकशिवाय गुरगुरायला लागली, पूर्वीसारखी. सगळे म्हणाले, तात्याचा हात. मिस्त्रीचं मी कुणाला सांगितलं नाही, आणि मिस्त्री जे बोलला तेही नाही.

लग्न झालं. नवरदेव जीपमधून निघाला. किसनच्या घरचं कुणी नव्हतं.

आता जे सांगतो, ते मुख्य. आधीचं सगळं खोटं एका शब्दाचं होतं, घाईत सुटलेलं, असं मी म्हणू शकलो असतो. हे घाईत झालं नाही.

लग्नाचा मांडव उतरला आणि किसन आला. मी मळ्यात एकटाच होतो, कालव्याच्या पाटावर. तो खाली बसला नाही. वाकडं मनगट दुसऱ्या हातानं चोळत उभा राहिला.

“माझ्या घरातनंच झालंय,” म्हणाला. “पोरगं एकदा बोललं व्हतं, तो खटारा भंगारात घाला म्हणून. मला वाटलं चेष्टंनं म्हणतंय. त्याला विचारलं मी. न्हाय म्हणतोय. रडला. मला म्हणतोय, बाबा, तुमी मला वळखता का तात्याला?”

मी फावड्याच्या दांड्याकडं बघत होतो.

“मी म्हणालो, दोघास्नीबी वळखतो. तात्या हट्टी हाय, भांडखोर हाय, पण मला खोटं सांगणार न्हाय.” मग त्यानं हात जोडले. जोडलेले हात सरळ जुळत नव्हते, त्या मनगटामुळं. “तुमी ठिवायला दिल्याली वस्तू मला संभाळता आली न्हाय. मला माफ करा.”

आम्ही दोघंच होतो तिथं. दोघंच असताना तो मला ‘तुमी’ म्हणाला.

कुणी ऐकायला नव्हतं. भाऊ नव्हता, भावकी नव्हती, टोमणा मारायला चिटपाखरू नव्हतं. बोललो असतो तर फक्त त्याला कळलं असतं. आणि तो गावभर करणारा माणूस नव्हता. एवढी सोपी वेळ माणसाला दुसऱ्यांदा कुठं मिळते? मग का नाही बोललो? मी ह्यावर फार विचार केलाय. लाज? भीती? खरं सांगू — तो हात जोडून उभा होता, आणि मला ते आवडलं होतं. आयुष्यात एकच माणूस असा होता, ज्याच्यापुढं मला कायम थोडं ओशाळल्यासारखं वाटायचं. त्या मनगटापायी, त्या कडुलिंबाच्या पाल्यापायी. आज पहिल्यांदा मी वर होतो आणि तो खाली.

“जाऊ दे किसन,” मी म्हणालो. “झालं ते झालं. मी मनात ठिवलेलं न्हाय.”

मी त्याला माफ केलं. कळलं का तुम्हाला? मी — त्याला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर आम्ही शेंगा फोडून खाल्ल्या.

त्यापुढं आमचं येणंजाणं परत सुरू झालं. गावानं माझं कौतुक केलं, तात्यानं मोठं मन दाखवलं म्हणून. किसन मात्र एकांतातसुद्धा परत कधी ‘तू’वर आला नाही. आणि मिलिंदशी त्यानं बोलणं टाकलं. मिलिंद यायचा, औषधं, धान्य उंबऱ्यापाशी ठेवायचा. किसन आत पाठ करून बसायचा. खोल्या काढायचं मिलिंदनं परत विचारलं तेव्हा किसन म्हणाला, त्या शेडाला हात लावायचा नाही. पत्रा गळत राहिला. सून यायची बंद झाली, नातवंडं आजोबाला ओळखेनाशी झाली. मी रोज त्याच्याशेजारी बसून हे बघत होतो. एकदा तर मीच त्याला म्हणालो, “पोराला किती दिवस असं ठिवणार? सोड की.” काय माझी हिंमत बघा. तो म्हणाला, “त्यानं एकदा कबूल करावं. मग सोडतो. खोटं पचवून घेतल्यालं पोर मला नगं.”

मिलिंदनं कबूल केलं नाही. काय करणार होता?

गेल्या हिवाळ्यात किसन वारला. बारामतीच्या दवाखान्यात मिलिंदनंच नेलं, उशापायथ्याशी तोच होता. शुद्ध होती तोवर किसन त्याच्याशी बोलला नाही. शुद्ध गेल्यावर बोलला असेल तर ते मिलिंदलाच ठाऊक.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. त्यांच्यात त्या दिवशी वंदना झाली की जवळची माणसं उठून गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतात. विहारापुढं मांडव होता, सगळे पांढऱ्या कपड्यात, किसनचा फोटो, माईक. मी मागं बसलो होतो. अचानक माझं नाव पुकारलं. यादीत माझं नाव कुणी घातलं? मला लगेच संशय आला. पुढं गेलो तर माईक हातात घेऊन मिलिंद उभा. त्यानंच घातलं होतं.

त्यानं माईक माझ्या हातात दिला आणि समोर खाली जाऊन बसला. बायको-पोरांमध्ये. आणि माझ्याकडं बघायला लागला. रागानं नव्हे. रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तो नुसता वाट बघत होता. तेव्हा मला कळलं, हे पोरगं ओळखून आहे. कधीपासून, देव जाणे. बाप गेल्यावर त्यानं आख्ख्या वस्तीसमोर, गावासमोर माईक माझ्या हातात दिला होता, आणि त्याला माझ्याकडून एक वाक्य हवं होतं. ‘मिलिंदनं काही केलं न्हवतं.’ एवढंच. बापाला ऐकू जाणार नव्हतं. पण त्याच्या पोरांना गेलं असतं.

मी बोललो. चांगलं बोललो म्हणतात. मेंढरांमागचे दिवस सांगितले, हँडल सांगितलं, मनगट सांगितलं. बोकड आणि नवरी सांगितली तेव्हा दुःखातही लोक हसले. असा सच्चा माणूस होणे नाही, असं म्हणालो. जीप शेडात लावली तिथपर्यंत आलो — आणि थांबलो. माईकमधून माझा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता. मिलिंद जरासा पुढं सरकला.

मी मान खाली घातली. मग तो उठला, माझ्याजवळ आला.

“झालं, तात्या?” त्यानं विचारलं.

“झालं,” मी म्हणालो, आणि माईक त्याच्या हातात दिला.